धूर मोजणाऱ्या बायका

यावाताच्या शहरगीतात धूर होता. जपानच्या क्युशू बेटाच्या उत्तर टोकाला वसलेलं हे पोलादाचं शहर. त्याच्या अधिकृत गीतात लाटांना होरपळवणाऱ्या ज्वाळांचं आणि आभाळ भरून टाकणाऱ्या धुराचं कौतुक होतं, आणि हा आमचा पोलाद कारखाना म्हणजे जगाने पाहावा असा देखावा, असंही होतं. भाचीने मला त्याचा अर्थ सांगितला तेव्हा तिला हसू आवरेना. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मी डोंबिवलीत, एमआयडीसीच्या निवासी विभागात वाढले. आमच्याकडे गाणं नव्हतं, पण भावना तीच होती. धुराडं चालू म्हणजे कंपनी चालू, कंपनी चालू म्हणजे दिवाळीला बोनस. बाबा एका रंगाच्या कंपनीत होते. सलग काही दिवस धुराडं थंड दिसलं की घरातलं बोलणं कमी व्हायचं.

भाची फुकुओकाला संशोधन करते. तिच्याकडे गेले असताना किताक्युशूला, म्हणजे यावाता आता ज्या शहराचा भाग आहे तिथे, जायचा हट्ट माझा. "मावशी, जपानला येऊन कुणी प्रदूषणाचं म्युझियम बघतं का? तुझं तर घराबाहेरच आहे!" असं म्हणत तिने तिकिटं काढली. फुकुओकातल्या हाकाता स्टेशनवरून कोकुरापर्यंत शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, जेमतेम पाव तास, मग साधी लोकल, आणि उतरायचं स्टेशन कुठलं, तर 'स्पेस वर्ल्ड'. अंतराळाच्या नावाचं हे मनोरंजन उद्यान पोलाद कंपनीने आपल्याच रिकाम्या झालेल्या जमिनीवर १९९० मध्ये उभं केलं होतं. २०१७ च्या शेवटच्या दिवशी ते बंद पडलं. स्टेशनला नाव तेच राहिलंय. आता तिथे मोठा मॉल आहे. स्टेशनवरचे बहुतेक लोक पिशव्या घेऊन तिकडे वळतात, आणि आपण वळायचं दुसरीकडे, शहराच्या पर्यावरण संग्रहालयाकडे.

आधी थोडं शहराबद्दल. मोजी, कोकुरा, यावाता, तोबाता आणि वाकामात्सू ही पाच शहरं १९६३ मध्ये एकत्र करून किताक्युशू झालं. त्याच्या कितीतरी आधी, १९०१ मध्ये, यावातात सरकारी पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली. तंत्र जर्मन, कोळसा जवळच्या चिकुहोच्या खाणींचा, लोहखनिज बरंचसं चीनच्या दाये इथलं. चीनबरोबरचं युद्ध जिंकून मिळालेल्या खंडणीचा पैसाही त्यात होता. जपानचं पुढचं अर्धं शतक, म्हणजे रेल्वे, जहाजं, तोफा आणि मग पुन्हा उभारलेली शहरं, यात यावाताचं पोलाद आहे. २०१५ मध्ये युनेस्कोने मेइजी काळातल्या औद्योगिक स्थळांना जागतिक वारशात घेतलं, त्यात या कारखान्याच्या जुन्या इमारती आहेत.

संग्रहालय छोटं आहे. प्रवेश फुकट, सोमवारी बंद. आत शिरल्यावर पहिली अर्धी फेरी मी जरा नाराजीनेच मारली. दाबा, फिरवा, ओढा, ओळखा. कचऱ्याचं वर्गीकरण करायचे खेळ, डोक्यावर घुमटात चित्रपट, पृथ्वीच्या जन्मापासूनचा काळ मांडलेली एक वाट, जिच्या अगदी शेवटी माणूस येतो. शाळेची सहल आली होती. पिवळ्या टोप्या घातलेली मुलं या बटणावरून त्या बटणावर उड्या मारत होती आणि खूश होती. त्यांच्यासाठी ते ठीकच आहे. पण मला अशा बटणांबद्दल एक जुनी शंका आहे. बटण दाबलं की लगेच काहीतरी होतं. दिवा लागतो, आवाज येतो, बरोबर की चूक ते कळतं. प्रदूषणाचा तर सगळा घोळच असा की आज काही सोडलं तर त्याचं उत्तर वीस वर्षांनी, दुसऱ्याच कुणाच्या तरी छातीत येतं. बटण दाबून मुलांना जे शिकायला मिळतं ते नेमकं याच्या उलट.

मग ते दोन फोटो आले. किताक्युशूबद्दल कुणीही बोललं की हे दोन फोटो दाखवतोच, त्यामुळे मी ते आधी पाहिलेले होते. १९६० च्या दशकातलं आकाश, राखाडी, त्यात धुराडी बुडालेली. आणि शेजारी आजचं, निळं. त्या काळी तिथे सात रंगांचा धूर असं म्हणायचे आणि तेही कौतुकाने. प्रत्येक धुराड्यातून वेगळं काही जळत होतं, म्हणून वेगळा रंग. डोंबिवलीकराला रंगांचं नवल नाही. २०१४ च्या जानेवारीत आमच्याकडे हिरवा पाऊस पडला. २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला आणि तो बघायला मुख्यमंत्री आले. माझ्या मोबाइलमध्ये त्या रस्त्याचा फोटो आहे. भाचीने तो तिथल्या मार्गदर्शक आजोबांना दाखवला.

या संग्रहालयात नागरिक स्वयंसेवक म्हणून माहिती सांगतात, आणि माझ्या मते तिथलं खरं चालतंबोलतं दालन तेच. आजोबांनी चष्मा वर करून फोटो बराच वेळ पाहिला. "बापरे" वगैरे काही नाही. त्यांनी विचारलं, हा रंग कशाचा ते कुणी शोधून काढलं? मी म्हटलं, प्रदूषण मंडळाची माणसं आली होती. ते म्हणाले, नाही, तिथे राहणाऱ्यांपैकी कुणी? मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि आम्हाला एका भिंतीकडे घेऊन गेले. पुढचा तास आम्ही त्या भिंतीपाशीच काढला.

भिंतीवर बायका आहेत. साध्या, ॲप्रन बांधलेल्या, केस मागे घेतलेल्या. तोबाताच्या महिला मंडळांच्या बायका.

गोष्ट सुरू होते १९५० च्या सुमारास, तोबाताच्या नाकाबारु भागात. जवळच कोळशावरचं वीजकेंद्र होतं. धुतलेले कपडे वाळत घालावेत आणि काढताना त्यावर काजळीचे ठिपके असावेत, दारं-खिडक्या लावल्या तरी घरात काळी पूड यावी, हे रोजचं होतं. तिथल्या महिला मंडळाने काय केलं? चादरी आणि शर्ट ठिकठिकाणी वाळत घातले आणि कुठे किती काळे पडतात ते पाहिलं. नंतर तेच कपडे पुरावा म्हणून घेऊन त्या शहराच्या प्रतिनिधींकडे आणि कंपनीकडे गेल्या. कंपनीला धूळ पकडणारी यंत्रणा बसवावी लागली. हे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचं आहे, लक्षात घ्या. युद्ध संपून जेमतेम पाच-सहा वर्षं झालेली, अर्धा देश उपाशी, आणि धुराची प्रत्येक रेघ म्हणजे देश उठून उभा राहतोय याची खूण मानली जात होती. तेव्हा कुणी बाई चादर घेऊन कंपनीच्या दारात उभी राहते.

दुसरी फेरी १९६० च्या दशकातली, आणि ती जास्त अवघड. आता काजळीबरोबर गंधकाचे वायू होते. टायरसाठी आणि छपाईच्या शाईसाठी लागणारी काजळी, कार्बन ब्लॅक, बनवणारा कारखाना वस्तीला लागून होता. चादर काळी पडलेली दिसते, वायू दिसत नाही. मग बायका शिकायला बसल्या. तोबाताची मंडळं लोकशिक्षणाच्या केंद्रात जमायची. यामागुची विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने त्यांना मोजायचं कसं ते शिकवलं. हवेतून खाली पडणारी धूळ गोळा करायची, गंधकाचं प्रमाण पाहायचं, आणि दुसरीकडे शाळांचे हजेरीपट घेऊन बसायचं. कुठल्या शाळेत, कुठल्या महिन्यात किती मुलं आजारी म्हणून गैरहजर? कारखान्याजवळची किती, लांबची किती? दोन्ही रकाने शेजारी ठेवले की जे दिसतं ते नाकारणं कंपनीच्या डॉक्टरलाही जड जातं.

शिवाय त्यांनी ८ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर स्वतः चित्रपट केला. १९६५ साल. नाव 'आम्हाला निळं आकाश हवं'. त्याचे तुकडे बघायला मिळतात. कॅमेरा हलतो, प्रकाश कमी-जास्त होतो, आणि एकेका धुराड्यावर जाऊन तो थांबतो, जणू हजेरी घेतोय. मला कुठल्याही घुमटातल्या चित्रपटापेक्षा हा जास्त आवडला. या बायकांच्या पाठीशी हायाशी एइदाई नावाचा तोबाताच्या शिक्षण खात्यातला एक कर्मचारी होता. सरकारी नोकर असून तो त्यांच्याबरोबर फिरत होता, फोटो काढत होता. १९७० मध्ये त्याने नोकरी सोडली आणि पुढचं आयुष्य लेखनात घातलं. चिकुहोच्या खाणींत जबरदस्तीने आणलेल्या कोरियन मजुरांवर त्याने पुढे जे काम केलं ते जपानमध्ये महत्त्वाचं मानलं जातं.

आता यातली मेख. या बायकांचे नवरे त्याच कारखान्यांत कामाला होते. सगळ्यांचे नाही, पण पुष्कळांचे. पुरुष बोलू शकत नव्हते. कामगार संघटनाही सुरुवातीला गप्प होत्या, कारण धूर कमी करा म्हणणं हे काम कमी करा म्हटल्यासारखं होतं. म्हणून बोलल्या त्या घरातल्या बायका, आणि त्यांनीही घोषणा बाजूला ठेवून आकडे पुढे केले. मला यात हुशारी दिसते. आरडाओरडा केला असता तर संध्याकाळी घरी येणाऱ्या नवऱ्याला साहेबाने दुपारीच बोलावून घेतलं असतं. आकडा हा कुणाच्या घरचा नसतो. अमुक महिन्यात अमुक गावठाणात इतकी धूळ पडली, यात कुणाच्या नवऱ्याचं नाव येत नाही.

आईचं आठवलं. आई कपडे वाळत घालायच्या आधी दोरी ओल्या फडक्याने पुसायची. दोरीवर रोज बारीक पूड बसायची, कधी पांढरी, कधी पिवळसर. रविवारी चादरी धुतल्या तर ती आधी गच्चीवर जाऊन वारा कुठून येतोय ते बघून यायची. कल्याणच्या बाजूने असेल तर चादरी बाहेर, नाहीतर घरात, पंख्याखाली. म्हणजे वाऱ्याची दिशा, पूड कधी, रंग कोणता, सगळं तिला माहीत होतं. ती उत्तम निरीक्षक होती. फक्त तिने ते कुठे लिहिलं नाही, आणि शेजारच्या काकूंनीही नाही, आणि त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींनीही नाही. बाबांच्या देखत तो विषय निघायचाच नाही. निघाला तर बाबा म्हणायचे, "त्याच पुडीचं खातोय ना आपण?" त्यावर उत्तर नव्हतं. किंवा असं म्हणू, उत्तर देणं तिला बरं वाटत नव्हतं.

शिरोयामाचे आकडे मी तिथे बसून आमच्या गच्चीच्या मापात करून पाहिले. यावातातला हा भाग जपानमधला सर्वांत धुळकट म्हणून ओळखला जायचा. १९६५ मध्ये इथे एका महिन्यात चौरस किलोमीटरमागे १०८ टन धूळ पडल्याची नोंद आहे. असा आकडा कानावरून जातो. म्हणून भागाकार करायचा. चौरस मीटरला १०८ ग्रॅम. आमची पाचशे-साडेपाचशे चौरस फुटांची गच्ची, म्हणजे सुमारे ५० चौरस मीटर. त्यावर महिन्याला पाच किलोच्या वर. दर महिन्याला गव्हाची एक पिशवी गच्चीवर उपडी करावी, तशी. आणि तिथे शाळा होती, तिच्या मैदानावर मुलं खेळत होती.

समुद्राची गोष्ट मी थोडक्यात सांगते, कारण तिचा शेवट चांगला आहे आणि चांगल्या शेवटाच्या गोष्टी सगळीकडे छापून येतात. कारखान्यांच्या मधोमध दोकाई नावाची अरुंद, लांबट खाडी आहे. एके काळी इथे उत्तम कोळंबी मिळायची. १९६० च्या दशकात पाण्यात विरघळलेला प्राणवायू जवळपास शून्यावर आला होता आणि तिला लोक मृत समुद्र म्हणत. या पाण्यात जंतूसुद्धा जगत नाहीत, जहाजांचे पंखे झिजून जातात, असं सांगितलं जायचं. पुढे सांडपाण्यावर निर्बंध आले, आणि १९७० च्या दशकाच्या मध्याला तळाचा पारा मिसळलेला सुमारे साडेतीन लाख घनमीटर गाळ उपसला गेला. त्या खर्चाचा मोठा वाटा कारखान्यांकडून घेतला. ज्याने घाण केली त्याने बिल भरायचं, इतकं सरळ. आता खाडीत शंभरावर जातींचे मासे आणि इतर जलचर सापडतात. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्याकडची वालधुनी नदी येत होती, पण तो विषय काढला तर हा लेख संपायचा नाही.

आकाशाचं म्हणाल तर १९६९ मध्ये इथे पहिल्यांदा धूरक्याचा इशारा द्यावा लागला. १९७० मध्ये जपानच्या संसदेने एकाच अधिवेशनात प्रदूषणाशी संबंधित १४ कायदे केले. १९७१ मध्ये शहराने प्रदूषण नियंत्रणाचं स्वतंत्र खातं काढलं, आणि १९७२ मध्ये पन्नासवर कंपन्यांशी करार केले. हे करार देशाच्या कायद्यापेक्षा कडक होते. इंधन बदललं, भट्ट्यांचा वायू पुन्हा वापरात आला, धूळ पकडणारी यंत्रं बसली. १९८५ मध्ये ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेने या शहराचं उदाहरण दिलं आणि १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 'ग्लोबल ५००' पुरस्कार मिळाला.

हे सगळं संग्रहालयात नीट मांडलेलं आहे आणि त्यातून निघणारं वाक्य असं: नागरिक, उद्योग आणि प्रशासन यांनी मिळून शहर स्वच्छ केलं. वाक्य खोटं नाही. पण त्यात तिघं एका ओळीत उभे आहेत, जणू एकाच वेळी आले. चादरी १९५० च्या आणि खातं १९७१ चं. मधली वीस वर्षं त्या बायका एकट्या होत्या, त्यांची मुलं खोकत मोठी झाली. शिवाय १९७० च्या दशकात शहर ऐकायला लागलं यात आजूबाजूच्या भीतीचाही हात आहे. त्याच क्युशू बेटावर, दक्षिणेला, मिनामाताचे पाऱ्याच्या विषबाधेचे रुग्ण कोर्टात उभे होते आणि १९७३ मध्ये ते जिंकले. योक्काइचीच्या दम्याच्या रुग्णांचा निकाल त्याच्या आदल्या वर्षी लागला होता. किताक्युशूच्या बायकांनी खटला न भरता काम साधलं याचं शहराला भारी कौतुक आहे. त्या समझोत्याने बोलू शकल्या, कारण दुसरीकडे कुणीतरी न्यायालयात लढत होतं, असं मला वाटतं. आजोबांना मी हे भाचीकरवी विचारलं. त्यांनी थोडा विचार करून, हो, असंही असेल, म्हटलं.

दुसरं असं, की आकाश निळं झालं त्याच काळात कारखानाही आटत गेला. पोलाद कंपनीने टोकियोजवळ किमित्सूला नवा, मोठा प्रकल्प उभारला आणि यावाताहून हजारो कामगार कुटुंबांसह तिकडे हलले. तेलाचे भाव चढले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या वर होती, आता ती नऊ लाखांच्या आसपास उतरली आहे, आणि म्हाताऱ्यांचं प्रमाण डोळ्यांना दिसतं. बाबांची भीती अगदीच पोकळ नव्हती, हे मला इथे कबूल करावंसं वाटतं. फक्त कारखाना हलला तो धूर मोजल्यामुळे नाही, कंपनीच्या हिशेबामुळे. धूर न मोजणाऱ्या गावांतूनही कारखाने जातात. आमच्याकडे २०१६ आणि २०२४ चे स्फोट झाले. दोन्ही मे महिन्यातले, मैलभर काचा फुटल्या, माणसं गेली. त्यानंतर धोकादायक कारखाने दुसरीकडे हलवायच्या घोषणा होतात. कुठल्या कंपनीत काय साठवलंय याची यादी मात्र आमच्या इमारतीत कुणाकडेच नव्हती.

थोडं विषयांतर. ९ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब टाकायला निघालेल्या अमेरिकी विमानाचं पहिलं लक्ष्य कोकुरा होतं. तिथला शस्त्रांचा कारखाना त्यांना हवा होता. वर आल्यावर खाली काही दिसेना. ढग होते, आदल्या दिवशी यावातावर झालेल्या बॉम्बहल्ल्यातल्या आगींचा धूर होता. पोलाद कारखान्यात मुद्दाम डांबर जाळून धूर केला होता, असंही काही जुन्या कामगारांनी खूप वर्षांनी सांगितलं. घिरट्या घालून विमान नागासाकीला गेलं. त्यामुळे या शहराचं धुराशी असलेलं नातं मला एका फळीवर मांडता येत नाही, आणि कुणी मांडलं तर त्यावर माझा विश्वास बसणार नाही.

आणखी एक गोष्ट मनात होती, कानेमीची. १९६८ मध्ये याच किताक्युशूतल्या एका कंपनीच्या तांदळाच्या कोंड्याच्या तेलात पीसीबी हे रसायन मिसळलं गेलं. तेलाला गरम करणाऱ्या नळ्यांतून ते गळलं होतं. पश्चिम जपानभर लोकांच्या अंगावर काळपट पुळ्या आल्या, बाळं काळसर त्वचेची जन्मली. सुमारे १४ हजार लोकांनी तक्रार नोंदवली. त्याच वर्षी आधी कोंबड्या पटापट मेल्या होत्या. त्याच कंपनीच्या तेलनिर्मितीतला उरलेला भाग त्यांच्या खाद्यात गेला होता. कोंबड्यांचा इशारा कुणी माणसांच्या ताटापर्यंत नेला नाही. नोंद होती, पण ती पशुखाद्याच्या फाइलीत होती. दोन रकाने शेजारी ठेवायला तोबाताच्या बायकांसारखं कुणी तिथे नव्हतं.

आणि त्याच शहराच्या वाकामात्सू भागात, समुद्रात भर घालून केलेल्या हिबिकीच्या जमिनीवर, २००४ पासून जवळपास दोन दशकं पश्चिम जपानभरातल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरमधलं पीसीबी आणून नष्ट केलं गेलं. असलं विष दारात येऊ द्यायला कुठलंही गाव सहजासहजी तयार होत नाही. इथे लोकांनी आधी प्रश्नांची फैर झाडली आणि मग अट घातली, की आत काय चाललंय ते आम्हाला बघता आलं पाहिजे. तसं झालं. १९९७ मध्ये सुरू झालेला 'इको टाउन' प्रकल्प त्याच जमिनीवर आहे. बाटल्या, मोटारी, ट्यूबलाइट असं सगळं सुटं करून पुन्हा वापरात आणणारे कारखाने. त्यांची भेट आधी ठरवून घ्यावी लागते. आम्हाला ते जमलं नाही.

निघताना आजोबांना विचारलं, तुमच्या आई होत्या का या फोटोंत? म्हणाले, नाही, माझी आई त्यांच्यावर रागावायची. वडील भट्टीवर होते. ती म्हणायची, या बायका आमचं कामच घालवतील. मग हसून म्हणाले, पण त्या मोजायला आल्या की बाल्कनीतली जागा करून द्यायची.

भाचीने परतीच्या गाडीत मला विचारलं, "मावशी, तुमच्या ग्रुपवर वास आल्याचे मेसेज येतात ना, ते तू ठेवतेस का?" आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेअकरा-बाराला "वास सुटलाय", "खिडक्या लावा", "अंड्यासारखा", "आज गोडसर" असे मेसेज येत असतात. सकाळी त्यावर शुभ सकाळ आणि लग्नाच्या आमंत्रणांचा थर बसतो. कुणीतरी ते तारखेसकट, वेळेसकट उतरवून काढले, शेजारी त्या दिवशीचा वारा लिहिला, आणि जवळच्या दोन शाळांच्या मुख्याध्यापकांकडून हजेरी मागितली, तर काय दिसेल हे मला माहीत नाही. बऱ्याच वर्षांचे मेसेज आहेत. फोन बदलताना मी ते पुसले नाहीत, आळसापायी का होईना. भाचीने तिथल्या तिथे एक कोरी तक्त्याची फाइल करून माझ्या मोबाइलवर पाठवली. रकाने चार: तारीख, वेळ, वारा, वास कसा. पाचवा, 'कुणी सांगितलं', तो मी काढायला लावला.

कुणी जाणार असाल तर एक सुचवते. स्टेशनवरून थेट संग्रहालयात शिरू नका. जवळच हिगाशिदाची जुनी झोतभट्टी जतन केलेली आहे, तिच्यावर १९०१ अशी मोठी पाटी आहे. समोर दिसते ती भट्टी १९६२ मध्ये नव्याने बांधलेली आणि १९७२ मध्ये बंद केलेली, म्हणजे सात रंगांच्या धुराच्या ऐन काळातली. पाटीवर तेवढं पहिलं वर्ष. आधी तिथे जा, मान वर करून ती किती उंच आहे ते बघा, आणि मग चादरींच्या भिंतीपाशी या. दोन तास हाताशी ठेवा. घुमटातला चित्रपट चुकला तरी चालेल.